हौसेचा हिशेब

मनुष्य जें पोटासाठीं करतो त्याचा हिशेब ठेवतो, आणि जें आवडीसाठीं करतो त्याचा ठेवीत नाहीं, असा जगाचा सामान्य व्यवहार आहे. दुकानदाराची रोजकीर्द रात्रीं निजण्यापूर्वीं पुरी झाली पाहिजे. पण अंगणांत किती गुलाब लाविले, त्यांतले किती जगले, कलमें कोणाला दिलीं आणि त्यांबद्दल कोणी चार पैसे हातावर ठेवले काय, हें टिपून ठेवणारा हौशी मनुष्य विरळा. धंद्याला वही आणि हौसेला मोकळीक, ही वांटणी सोयीची आहे यांत संशय नाहीं. ती न्याय्य आहे काय, व असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं आम्हीं जें उदाहरण निवडलें आहे तें वाचकांस प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. घरीं हौसेनें सरपटणारे प्राणी पाळून त्यांचीं पिलें विकणाऱ्या एखाद्या लहानशा गृहस्थाचें तें उदाहरण आहे.

हा प्रश्न आम्ही किन्हीराजासारख्या गांवाकडे पाहून काढीत आहों, हें त्याहूनही चमत्कारिक वाटेल. किन्हीराजा हें वाशिम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील, नागपूरहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. भोंवतीं शेतें सोयाबीन व तुरीचीं. येथें साप ही पाळण्याची वस्तु नव्हे. तो तुरीच्या ओळींत, गोठ्याच्या भिंतींत किंवा कुटाराच्या ढिगाखालीं अवचित भेटतो. आणि भेटला म्हणजे कोणी काठी घेतो, कोणी हात जोडतो, व अलीकडे कोणी सर्पमित्राला बोलावतो. ह्याच तालुक्यांत शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें प्रसिद्ध क्षेत्र आहे, आणि पार्श्वनाथाच्या मस्तकावर नागाची फणा असते हें सर्वांस ठाऊक आहे. ज्याला भ्यावें आणि ज्याला पुजावें, तो साप कांचेच्या पेटींत ठेवून त्याच्या पिलांची किंमत ठरवावी, ही कल्पना ह्या मातींतली नाहीं.

परंतु ह्या मातींतलीं मुलें आज पुण्यास, नागपुरास व मुंबईस शिकतात आणि नोकऱ्या करतात. आणि त्या शहरांत आफ्रिकेंतला बॉल पायथन किंवा अमेरिका खंडांतली हिरवी इग्वाना घरीं बाळगणारीं सुशिक्षित कुटुंबें आतां अगदींच दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. शिवाय ह्या प्रश्नाचें मूळ सापांत नाहीं. चार शेळ्या दारीं बांधून वर्षाला दोन करडें विकणारा शेतकरी, खुराड्यांतलीं अंडीं शेजाऱ्यास देणारी बाई, आणि शहरांत पायथनचीं पिलें विकणारा कारकून, ह्या तिघांच्याही तोंडीं एकच वाक्य असतें: “एवढ्याशाचा हिशेब तो काय ठेवायचा?” सापाचें उदाहरण आम्हीं घेतलें तें एवढ्यासाठींच कीं, ह्या वाक्याच्या पोटांत काय काय दडूं शकतें हें त्यांत सर्वांत स्पष्ट दिसतें.

प्रथम कायदा काय म्हणतो तें सांगितलें पाहिजे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यान्वयें आपल्या देशांतले नाग, अजगर, धामण, घोरपड किंवा तारांकित कासव घरीं पाळणें, विकणें अथवा त्यांची पैदास करणें हा गुन्हा आहे. तेथें हौशी पैदासकार ही जातच संभवत नाहीं. राहिले परदेशीय प्राणी. त्यांच्याविषयीं कायदा पुष्कळ वर्षें मुका होता. २०२० च्या जून महिन्यांत केंद्र सरकारनें प्रथमच असें जाहीर केलें कीं, ज्यांच्यापाशीं असे प्राणी असतील त्यांनीं सहा महिन्यांच्या आंत ते आपण होऊन कळवावे; कळविणाराकडे कागदपत्र मागितले जाणार नाहींत. पुढें २०२२ सालीं मूळ कायद्यांत दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या यादींत ज्या जातींचीं नांवें आहेत, त्यांपैकीं कोणताही जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानें त्याची नोंदणी करावी आणि त्याचे जन्म, मृत्यु व हस्तांतर कळवावें, असें तींत ठरलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें त्याचे नियम निघाले. आधींच प्राणी असणारांस सहा महिन्यांची मुदत मिळाली, आणि त्यानंतर ज्याच्या ताब्यांत असा प्राणी येईल त्यानें तीस दिवसांच्या आंत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे ‘परिवेश’ ह्या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करावा असें झालें. यादीच्या पहिल्या परिशिष्टांतील, म्हणजे नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या, जातींची पैदास करणारास निराळा परवाना लागतो.

आतां कराकडे वळूं. हौस कोठें संपते आणि धंदा कोठें सुरू होतो, ही सीमा आमच्या आयकराच्या कायद्यानें आंखून दिलेली नाहीं. १९२२ च्या कायद्यांत व त्यावरून १९६१ च्या कायद्यांत धंद्याची जी व्याख्या आहे, ती व्यापार, वाणिज्य व कारखानदारी ह्यांवर न थांबतां ‘व्यापाराच्या स्वरूपाचें साहस’ येथपर्यंत पोंचते. म्हणजे एकदांच केलेला एकच सौदाही तींत बसूं शकतो. आमच्या शेतकरीवर्गांत अशी दृढ समजूत आहे कीं, शेतावर राहून जें मिळालें तें सर्व करमुक्त. शेतीचें उत्पन्न आयकरांतून वगळलेलें आहे हें खरें. पण राजा बिनोयकुमार सहस राय ह्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं स्पष्ट केलें कीं, जमिनीची मशागत, पेरणी अशीं मूळ कामें ज्याच्या बुडाशीं आहेत तेंच शेतीचें उत्पन्न. केवळ जमिनीशीं कांहीं तरी संबंध असणें पुरेसें नाहीं. तेव्हां करडाचे, कोंबडीचे व सापाच्या पिलाचे पैसे ह्या दृष्टीनें एकाच रांगेंत बसतात. ज्याचें एकंदर उत्पन्नच कराच्या मर्यादेखालीं आहे त्याला ह्यांतून कांहीं द्यावें लागत नाहीं. पण जो पगारदार आहे त्याच्या हौसेचा नफा पगाराच्या वर जाऊन बसतो आणि त्याच्या सर्वांत वरच्या दरानें कर मागतो. उलट त्या हौसेंत तोटा आला तर तो पगारांतून वजा करतां येत नाहीं.

परदेशांत हाच प्रश्न निराळ्या वाटांनीं सोडविलेला आहे. अमेरिकेंत पांचांपैकीं तीन वर्षें नफा दिसला तर तो उद्योग नफ्यासाठींच चालविला आहे असें धरून चालतात. घोड्यांच्या पैदाशीला अधिक सवड देऊन सातांपैकीं दोन वर्षें पुरेशीं मानलीं आहेत. इंग्लंडांत १९५५ सालीं एका शाही आयोगानें व्यापाराचीं सहा लक्षणें सांगितलीं: वस्तु कोणती, किती काळ जवळ ठेविली, असे व्यवहार किती वेळां केले, विकण्यासाठीं तिच्यावर काय मेहनत घेतली, विकण्याचा प्रसंग कां आला, आणि मूळ हेतु काय होता. २०१७ पासून त्या देशांत वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतच्या किरकोळ प्राप्तीला सूटच मिळते. ह्या साऱ्या तपशिलांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, प्रत्येक ठिकाणीं कायद्याला शेवटीं मनुष्याच्या हेतूचा शोध घ्यावा लागला आहे. हेतु मनांत असतो आणि मन कोणास दिसत नाहीं. मनाचा बाहेर दिसणारा साक्षीदार म्हणजे त्यानें वेळच्या वेळीं लिहिलेली वही. जो म्हणतो, “ही माझी केवळ हौस आहे, चार पिलें विकलीं तीं खाद्याचा खर्च निघावा म्हणून,” त्याचें म्हणणें खरें असेल. पण खाद्याचा खर्च किती झाला हें त्यानें लिहिलें नसेल तर त्याचें सत्यही त्याच्या उपयोगी पडत नाहीं.

येथपर्यंत झाला तो व्यवहाराचा विचार. नीतीचा प्रश्न ह्याच्या पलीकडे आहे. हिशेब न ठेवण्याच्या बाजूनें तीन कारणें देण्यांत येतात, आणि तिन्हींचा परामर्श घेणें जरूर आहे.

पहिलें कारण, रक्कम क्षुद्र आहे. रक्कम क्षुद्र असेल तर कर क्षुद्र असावा, किंवा मुळींच नसावा. हें आम्हांस मान्य आहे. परंतु क्षुद्रत्वामुळें देणें कमी होतें, खरेपणा कमी होत नाहीं. आणि रक्कम क्षुद्र आहे हें तरी ठरविलें कोणीं? ज्यानें कधीं बेरीज केली नाहीं त्यानें! बेरीज न करतां ‘थोडें आहे’ असें म्हणत राहण्यांत एक गोड सोय असते. थोडें कधीं पुष्कळ झालें तें आपणांस कळतच नाहीं, आणि न कळल्यामुळें आपण निर्दोष राहतों असें वाटतें. असलें अज्ञान आपणच काळजीपूर्वक जोपासलेलें असतें.

दुसरें कारण अधिक नाजूक आहे. वही आली कीं प्रेम गेलें, असें कित्येकांस वाटतें. ज्या प्राण्याला आपण नांव दिलें त्याच्या नांवापुढें रुपये लिहिणें त्यांना ओशाळवाणें होतें. ह्या भावनेंत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजे. रुपये लिहिण्याची लाज वाटत असेल तर ती रुपये घेतांना वाटावयास हवी होती. घेतांना हात पुढें झाला आणि लिहितांना मागें आला, तर त्या संकोचाला प्रेम म्हणणें कठीण आहे. प्रेमाचा वहीशीं मुळींच विरोध नाहीं. आई बाळाला लस कोणत्या तारखेस टोंचली हें जपून लिहून ठेवते, तें तिचें प्रेम उणें झालें म्हणून नव्हे.

तिसरें कारण रागाचें आहे. मोठमोठे बुडवितात, त्यांस कोणी विचारीत नाहीं. मग लहानानेंच कां लिहावें? हा राग अस्थानीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दुसऱ्याची लबाडी ही आपल्या वहींत जमेस धरतां येण्यासारखी रक्कम नाहीं. ती धरूं लागलों कीं जगांतील प्रत्येक लबाड आपणांस थोडी थोडी सूट देत जातो, आणि अशा सुटींना अंत नसतो.

परंतु ह्या तिन्ही कारणांचें खरें उत्तर सरकाराच्या बाजूनें द्यावयाचें नाहींच. हौशी पैदासकाराचा हिशेब सरकाराशीं असतो तसाच, किंबहुना त्याहून अधिक, आणखी दोघांशीं असतो: एक विकत घेणारा, आणि दुसरा तो प्राणी. बॉल पायथनमध्यें ‘स्पायडर’ नांवाचा एक सुंदर जाळीदार रंगप्रकार आहे. ज्या आनुवंशिक गुणामुळें तो रंग येतो त्याच गुणामुळें त्या सापाचें डोकें डुलूं लागतें व त्याचा तोल जातो. रंग हवा आणि व्याधि नको, असें तेथें करतां येत नाहीं. आईबाप कोण होते, कोणत्या वेतांतलीं किती पिलें अशीं निघालीं, हें ज्यानें लिहून ठेविलें आहे तोच घेणारास खरें सांगूं शकेल, आणि तोच पुढील जोडी जमवितांना स्वतःला थांबवूं शकेल. ज्यानें लिहिलें नाहीं तो खोटें बोलेलच असें नाहीं; पण खरें बोलण्याचें साधन त्यानें आपल्या हातानें टाकून दिलेलें असतें.

शिवाय हा प्राणी वीस-तीस वर्षेंही जगतो. मुलाची हौस पुष्कळदां दहावीच्या परीक्षेबरोबर संपते, प्राणी उरतो. तो दुसऱ्या घरीं जातो, तेथून तिसऱ्या. जो स्वतःविषयीं एक शब्द बोलूं शकत नाहीं, ज्याला आपलें वय, आपला आजार, आपली वाटचाल सांगतां येत नाहीं, त्याची वाचा म्हणजे त्याच्याबरोबर जाणारा कागद. आणि त्या कागदांत सर्वांत अवघड रकाना मृत्यूचा. विकलेलीं पिलें हौशी मनुष्य सहज सांगतो. मेलेलीं सांगत नाहीं, आणि कालांतरानें स्वतःलाही सांगत नाहीं. वर्षाअखेर ‘जन्मलीं बारा, विकलीं पांच, दिलीं दोन, मेलीं पांच’ अशी ओळ स्वतःच्या अक्षरांत वाचावी लागली, म्हणजे आपण ह्या कामास लायक आहों कीं नाहीं हा प्रश्न टाळतां येत नाहीं. करवसुली अधिकारी तो प्रश्न कधीं विचारणार नाहीं. वही विचारते.

ह्याचें एक चांगलें उदाहरण आपल्या देशांतच आहे. तामिळनाडूंतील इरुळा ह्या आदिवासी लोकांचा साप पकडून कातडीं विकण्याचा परंपरागत व्यवसाय १९७२ चा कायदा व पुढील निर्यातबंदी ह्यांमुळें बुडाला. १९७८ सालीं चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था निघाली. परवानगीनें साप धरावयाचे, सर्पदंशावरील औषधासाठीं कांहीं आठवडे त्यांचें विष काढावयाचें, आणि मग त्यांस पुन्हां रानांत सोडावयाचें, असा तिचा क्रम आहे. प्रत्येक सापाची नोंद होते आणि पोटाखालच्या खवल्यांवर खूण केली जाते, म्हणजे तोच साप लागलीच पुन्हां धरला जाऊं नये. एके काळीं ज्याची कातडी तेवढी मोजली जाई, तो जिवंत साप आतां मोजला जातो. नोंदीनें केवढा फरक पडतो हें ह्यावरून दिसेल.

मात्र येथें एक इशारा दिला पाहिजे. नोंद म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. तारांकित कासवें रानांतून चोरून आणणाऱ्यानें त्यांचा अगदीं चोख जमाखर्च ठेविला, तरी चोरी ही चोरीच राहते; तिला सुवाच्य अक्षर लाभलें एवढेंच. २०२० च्या माफीविषयींही हीच शंका घेण्यांत आली. कागद न मागतां घेतलेली कबुली म्हणजे कालच्या चोरट्या आयातीला आज दिलेला मान नव्हे काय? शंका खोटी नाहीं. तरीही आमचें मत असें आहे कीं, जेथें कालपर्यंत कोणताच नियम स्पष्ट नव्हता, तेथें एकदांच आणि ठराविक मुदतीपुरतें ‘खरें सांगा, मागचें विचारीत नाहीं’ असें म्हणणें योग्य होतें. कारण आज जिवंत असलेल्या प्राण्याचा शोध त्यावांचून लागलाच नसता. अशी माफी वारंवार मिळूं लागली तर मात्र ती सत्याला दिलेलें आमंत्रण न राहतां लपविणारास दिलेलें आश्वासन होईल.

आणि येथेंच सरकाराच्या कर्तव्याचाही प्रश्न येतो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या वंशांतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशिमासच सांपडला. त्यांत एका गांवाचें दान नमूद आहे. वाकाटकांच्या अशा दानपत्रांतून त्या गांवाला कोणत्या करांची व कोणत्या उपद्रवांची माफी आहे हें एकेक करून सांगितलेलें असतें. म्हणजे सोळाशें वर्षांपूर्वींही राजानें काय घेऊं नये हें तांब्यावर कोरून द्यावें लागे. नोंद ही प्रजेवरच बंधन घालते असें नाहीं. ती राजाचाही हात धरते. आज हाच न्याय सरकारानें पाळला पाहिजे. दोन पिलें विकणाऱ्याकडून कारखानदाराएवढे कागद मागितले, भाषा त्याला न समजणारी ठेविली, आणि चुकीला व चोरीला एकच शिक्षा केली, तर प्रामाणिक मनुष्यही लपविण्याकडे ढकलला जाईल. महाराष्ट्रांत ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्या शेतांतील पिकाची नोंद आपल्याच फोनवरून, आपल्या भाषेंत करतो. त्या पद्धतींत अडचणी नाहींत असें नाहीं. पण ‘तुझ्या शेतांत काय आहे तें तूंच सांग’ असा जो विश्वास तींत आहे, तो लहान मनुष्याच्या प्रत्येक नोंदींत असावयास पाहिजे.

जैन श्रावकांच्या अणुव्रतांत परिग्रहपरिमाण नांवाचें एक व्रत आहे. जमीन, घर, सोनें, रुपें, धान्य, जनावरें, आपल्यापाशीं जें जें असेल त्याला आपण होऊन मर्यादा घालावी, असें तें व्रत सांगतें. मर्यादा घालावयाची तर आधीं मोजलें पाहिजे. ज्याला आपल्यापाशीं काय आहे हेंच ठाऊक नाहीं, तो ‘पुरे’ कशाला म्हणणार? शिरपुराच्या देवदर्शनास जाणारांस हा विचार नवा नाहीं. मोजणें हें लोभाचें लक्षण मानण्याची आपणांस संवय आहे. ह्या व्रतानें तेंच संयमाचें पहिलें पाऊल ठरविलें.

तेव्हां हौशी मनुष्यास आमचें सांगणें मोठें नाहीं. एक साधी वही असावी. तींत प्राणी कोठून आला, केव्हां आला, काय दिलें, हें लिहावें. खाद्य, औषध व वीज ह्यांचा खर्च लिहावा. जन्म लिहावेत आणि मृत्यूही लिहावेत. कोणास दिलें व काय घेतलें तें लिहावें. सरकारी नोंदणीचा क्रमांक व पावत्या त्याच वहींत ठेवाव्या. महिन्यांतून एक संध्याकाळ ह्यास पुरते. ज्या हौसेला महिन्याची एक संध्याकाळही सोसत नाहीं, तिच्या पायीं दुसऱ्या जिवाचीं वीस वर्षें बांधून ठेवण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हें प्रत्येकानें आपल्याशीं ठरवावें. गुलाबाच्या हौशी माळ्याची वही कोरी राहिली तरी आम्ही त्यास दोष देणार नाहीं. पण ज्या हौसेंत दुसऱ्याचे पैसे, दुसऱ्याचा विश्वास आणि मुक्या प्राण्याचें आयुष्य येऊन पडतें, ती केवळ आपली राहत नाहीं. आणि जें केवळ आपलें नाहीं, त्याचा हिशेब मागण्यास कोणी येवो न येवो, तो तयार ठेवणें आपणांकडे लागतें.